सातव्या महिन्यातली लावणी

पंधरा-सोळा वर्षं मी नर्सबाई म्हणून कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली गावं चालले. नोकरी केली म्हणण्यापेक्षा चालले म्हणणंच खरं. शाळेच्या मागे एका खोलीत उपकेंद्र होतं. त्या खोलीची किल्ली, एक लोखंडी पेटी, एक वजनकाटा, चार गावं आणि डोंगरउतारावरच्या दोन वाड्या, एवढं माझ्या ताब्यात. नवरा भिवपुरीच्या वीजघरात फिटर होता. दोन्ही मुलं तिथंच क्वार्टरमध्ये सासूबाईंजवळ असायची. मी शनिवारी दुपारची एस.टी. धरून कर्जतला जायची, तिथून घरी, आणि सोमवारी पहाटे परत निघायची. धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. मी निघताना ती झोपेत असायची. ती उठली नाही याचं मला बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर कसंतरी व्हायचं.

मी सांगतेय ते वर्ष आणीबाणी संपल्यानंतरचं. पहिलं असेल किंवा दुसरं. वरून हुकूम आला की दर आठवड्याला गरोदर बायकांची बैठक घ्या. त्यांना आहार सांगा, विश्रांती सांगा, धनुर्वाताची सुई द्या, रक्तवाढीच्या गोळ्या द्या. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली पाहिजेत. हुकमाबरोबर एक चित्रांचा तक्ता आला. पहिल्याच चित्रात एक पोटुशी बाई खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून दूध पीत होती. शेजारी टोपलीत सफरचंदं. आमच्या गावात खुर्ची एकच होती, शाळेत, आणि ती गुरुजींची.

मी बुधवारची दुपार ठरवली. शाळेच्या पडवीत सतरंजी टाकली आणि तक्ता खिळ्याला टांगला. पहिल्या बुधवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या बुधवारी दोन म्हाताऱ्या आल्या. त्यांना गुडघ्यांना लावायचं औषध हवं होतं. तिसऱ्या बुधवारी परत कोणी नाही.

कारण मला ठाऊक होतं. आदल्या दोन वर्षांत नसबंदीच्या केसेस आणायचं काम आम्हा नर्सांच्याच गळ्यात होतं. मी घरोघर फिरून नावं लिहिली होती. जीप आली की पुरुष रानात पळायचे. वाडीवरच्या काहींना उचलून नेलं होतं. मी कोणाला हाताला धरून ओढलं नाही हे खरं, पण वही माझ्याच हातात होती. आता तीच बाई तीच वही घेऊन पोटुशी बायकांना बोलावतेय म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. लाल गोळ्यांनी गर्भ वाळतो, ही बातमी गोळ्यांच्या आधी घरोघर पोचली होती.

चौथ्या बुधवारी एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली.

सासू पन्नाशीची, विधवा, अंगानं काटक. तिची भाताची जमीन ओढ्याच्या दोन्ही अंगांना होती. लावणीत तिच्या हाताइतका भरभर चालणारा हात गावात दुसरा नव्हता, म्हणून लावणीच्या रांगेत ती नेहमी पहिली असायची आणि बाकीच्यांनी तिच्या चालीनं चालायचं. सून वीस-एकवीसची. ती सतरंजीच्या कडेला बसली आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

"हिची दोन गेली," सासू म्हणाली. "पयलं सातव्यात, लावनीत. दुसरं आठव्यात. सातव्यातलं येकादं जगतं म्हंतात, ते बी नाय जगलं. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत. तुमच्या वहीत काय उपाय आसंल तर सांगा."

मी सुनेची पापणी खाली ओढून बघितली. आतून पांढरीफटक. दुसऱ्या वेळी काय झालं होतं विचारलं, तर म्हणाली, रानातून मोळी आणत होते, वाटेतच पाठ दुखायला लागली. घरी येऊन मोळी उतरवली, आणि त्याच संध्याकाळी झालं. किती मोठी मोळी, असं मी विचारलं. तिनं दोन हात पसरून दाखवले आणि परत मांडीवर ठेवले.

मी बोटांवर महिने मोजले. लावणी सुरू होईल तेव्हा तिला सातवा लागणार होता.

"मावशी, उपाय एवढाच," मी सासूला म्हटलं. "या खेपेला हिला लावणीला वाकू द्यायचं नाही. मोळी नाही, पाण्याचा हंडा नाही. दुपारी जेवल्यावर घटकाभर डाव्या कुशीवर पडू द्यायचं. आणि गोळी रोज एक."

"आनि लावनी कोन करनार? तुमी?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. घरात बायका दोनच, ती आणि सून. लावणीच्या रोपांचं आवण तयार झालं की ते काढून चिखलात लावायला दिवस मोजके मिळतात. उशीर झाला की रोप म्हातारं होतं.

"हिच्या जागी दुसरी बाई लावा," मी म्हटलं.

हे वाक्य माझं. मी ते सहज बोलून गेले. वेळापत्रकात एक तास बदलावा तितक्या सहज.

"मी नवव्यात लावनी केली," सासू म्हणाली. "येक नाय, सा बाळंतपनं झाली माजी. मला काय झालं?"

"सहातली किती आहेत?"

"चार."

"मग दोन कशानं गेली?"

ती उठून उभी राहिली. सुनेला म्हणाली, "ऊठ गं," आणि दोघी निघून गेल्या. मी सतरंजी गुंडाळली. वाटलं, झालं, ही पण गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सासू एकटीच आली, पदराच्या टोकात गोळ्या बांधून घेतल्या आणि म्हणाली, "ह्या खाल्ल्यावर परसाकडला काळं हुतं म्हंतात. हुंद्या. पन तुमी येकदा घरी येऊन तिला समोर खायला लावा. माज्या मागं ती खाते का थुकते, मला कळत नाय."

त्या बाईमुळं बैठक सुरू झाली. मी महिनाभर तक्ता दाखवून जे जमवू शकले नव्हते ते तिनं विहिरीवर उभं राहून चार दिवसांत जमवलं. पुढच्या बुधवारी सात जणी आल्या, त्यांतल्या चार सासवा. तक्ता मी पेटीवर पालथा ठेवला आणि नुसती बोलायला लागले. पायाला सूज आली तर काय, अंगावरून पाणी गेलं तर किती वेळात मला बोलवायचं, पोट मध्येच कडक व्हायला लागलं तर हातातलं टाकून आडवं व्हायचं. नाचणी, तीळ, सुकट, शेवग्याचा पाला, जे घरात असतं तेच सांगायची. सफरचंदाचं नाव काढलं नाही. सासवांना मी एकच गोष्ट परत परत सांगितली की सातव्यापासून पुढं वाकायचं आणि उचलायचं काम सुनेला नको.

मग त्यांनीच आपसांत तोड काढली. या गावात लावणीला एकमेकींच्या शेतात जाऊन हात लावायची रीत होतीच. ज्यांना सातवा लागलाय त्या शेतात उतरणार नाहीत, त्या घरी बसून सगळ्यांच्या भाकऱ्या भाजतील आणि तान्ही पोरं सांभाळतील. त्यांच्या वाटचे दिवस घरातल्या दुसऱ्या बाईनं भरायचे, नाहीतर बदली बाई द्यायची. सासूनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडावर समाधान होतं, आणि माझ्याही असणार. बऱ्याच दिवसांनी त्या गावात मला कोणी चहा विचारला.

लावणी लागली. आषाढात आमची कामं निम्म्यावर येतात, कारण कोणी घरी सापडत नाही. एका दुपारी मी सुनेला बघायला गेले. ती ओटीवर पाय लांब करून तांदूळ निवडत होती. वजन वाढलं होतं, पायाला सूज नव्हती. तिनं स्वतःहून माझा हात धरून पोटावर ठेवला.

"जोरात हालतंय," ती म्हणाली. "आदीची दोगं आशी हालत नवती."

परत येताना मी त्यांच्या शेताच्या बांधावर थांबले. आठ-नऊ बायका पावसासाठी पाठीवर पानांची इरली घेऊन ओळीनं वाकल्या होत्या. इरल्याखाली बाई दिसत नाही, नुसती पालथी होडी हळूहळू मागे सरकताना दिसते. सासू पहिली होती. तिनं मला बघून पाठ सरळ केली.

"बदली बाई मिळाली का?" मी विचारलं.

"मिळाली. ती काय, कडंची. वाडीवरची हाय. हात चांगला हाय तिचा."

मी त्या कडेच्या इरल्याकडं बघितलं. त्याच्याखाली चिखलात रुतलेल्या दोन बारीक पोटऱ्या आणि रोपांच्या मुठीतून सपासप चालणारा एक हात, एवढंच दिसलं. हात खरंच चांगला होता. बांधावर उभी राहून मी समाधानानं बघितलं आणि पुढं गेले. त्या शनिवारी घरी नवऱ्याला म्हटलं, "एक तरी काम धड झालं यंदा." त्याची पाळी बदलली होती, तो बसल्या जागी पेंगत होता. "बरं झालं," म्हणाला.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, सासूचा मुलगा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, उपकेंद्राच्या दारात आला. त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता. 

"तिला काय झालं?"

"ती बरी हाय," तो म्हणाला. "वाडीची बाई हाय. शेतातल्या खोपटात नेलीय. तिला व्हतंय."

"काय होतंय?"

"बाळातपन," तो म्हणाला आणि दुसरीकडं बघायला लागला.

मी पेटी घेऊन धावले. शेताच्या वरच्या कोपऱ्यात राखणीचं खोपटं होतं. आत सासू त्या बाईला पाठीमागून धरून बसली होती. मूल आधीच आलं होतं. मुलगी होती. माझ्या हाताच्या ओंजळीत मावली. सहा महिने पुरे झालेले, सातवा चालू असेल नसेल. तिच्या अंगाची कातडी इतकी पातळ होती की आतल्या शिरा दिसत होत्या. पण ती श्वास घेत होती. मी नाळ बांधून कापली. कोरड्या कापसात गुंडाळून तिला आईच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून ठेवली आणि वरून सासूची घोंगडी घातली. मी सांगायच्या आधीच सासूनं तीन दगड मांडून आग पेटवली, पाणी तापवलं. मी सलाईनच्या रिकाम्या बाटलीत कोमट पाणी भरून फडक्यात गुंडाळून बाळाच्या पायाशी ठेवलं. आईला रक्त जास्त जात होतं, तिला सुई दिली.

खरं तर दोघींना कर्जतला न्यायला हवं होतं. पण ओढ्यावरच्या फरशीच्या पुलावरून दोन दिवस पाणी वाहत होतं आणि एस.टी. बंद होती. सासूचा मुलगा म्हणाला, डोली करतो, वरच्या अंगानं फिरून जाऊ. मी हिशेब केला, सहा-सात तासांची वाट. आईला हलवलं तर तीच जाईल असं मला वाटलं. मी नको म्हटलं. तो निर्णय बरोबर होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. पुढं एका डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, पोचलं असतं तरी त्या काळात तिथं काय होतं. ते त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल.

ती बाई वेदनेनं एकदाही ओरडली नव्हती, असं सासू म्हणाली. सकाळपासून तिचं पोट दुखत होतं आणि ती लावत राहिली होती. मग हातातली रोपांची मूठ खाली ठेवून सरळ वाडीच्या वाटेला लागली. बांधावर खाली बसली, तेव्हा सासूच्या लक्षात आलं.

मी तिच्याजवळ तोंड नेऊन विचारलं, "किती महिने झाले होते? कोणाला सांगितलं का नाहीस?"

तिची बोली मला सगळी कळत नसे. पण ती जे म्हणाली ते मला अगदी स्पष्ट कळलं.

"बाय, माजं नाव नको लिवू."

"नाही लिहीत."

"नवऱ्याचं बी नको."

"नाही. कोणाचंच नाही लिहीत."

तेवढं ऐकल्यावर तिनं डोळे मिटले. मग सासू मला हळूच म्हणाली की या बाईच्या दिराला जीपमधून नेलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे ना. मला ठाऊक नव्हतं. कदाचित त्या वहीत त्याचं नाव असेल. मी ती वही नंतर काढून बघितली नाही.

दोन-अडीच तासांनी बाळाचा श्वास थांबला. आईला आमच्या आधी कळलं. तिनं घोंगडी बाजूला केली आणि मुलीला माझ्याकडं दिली. वाडीवरून तिचा नवरा आणि आणखी दोघं आले. एकानं ते गाठोडं घेतलं, दोघांनी घोंगडीची झोळी करून आईला वर नेली. मी अर्ध्या वाटेपर्यंत त्यांच्यामागं गेले. पुढं येऊ नका, असं तिच्या नवऱ्यानं हातानं सांगितलं.

खाली आले तेव्हा सासू ओढ्यावर हात धूत होती. मीही शेजारी बसून धुवायला लागले.

"मला म्हाईत नवतं," ती म्हणाली.

"मलाही नव्हतं."

"मी इचारलंच नाय. हात बगितला, पोट नाय बगितलं."

तिनं पदराला हात पुसले. मग ती म्हणाली, "तुमीच म्हनलेलात ना, दुसरी बाई लावा."

तिच्या आवाजात राग नव्हता. जे झालं त्याचा क्रम ती लावत होती. मी "हो" म्हटलं. 

महिन्याच्या मीटिंगला मी तालुक्याला गेले तेव्हा ते बाळ सांगितलं. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, "ती माता नोंदवहीत होती का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग आपल्या आकड्यात नाही येत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि लगेच पुढच्या नर्सला त्यांनी तिच्या नसबंदी ऑपरेशनच्या केसेस विचारल्या. माझ्या वेळी मी शून्य म्हटलं. ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

भाद्रपदात, गणपती बोळवून झाल्यावर, सुनेला कळा सुरू झाल्या. नववा पुरा भरला होता. सकाळी सातला मला बोलावणं आलं आणि अकराच्या आत ती मोकळी झाली. मुलगी. मी काट्याला झोळी लावून वजन केलं. काटा अडीच किलोच्या वर गेला तेव्हा सासूनं विचारलं, "म्हंजे चांगलं का?" मी म्हटलं, "चांगलं, मावशी." ती आत गेली आणि चुलीपाशी पदर तोंडाला लावून रडली. सून हसत होती. तिचा नवरा नारळ घेऊन आला. मला त्या घरचा आनंद दिसत होता, पण तो काचेपलीकडं असल्यासारखा. त्यांनी मला भाकरी वाढली. ती खाऊन मी ओटीवर भिंतीला टेकले आणि तिथंच झोपले. दुपार कलल्यावर जाग आली तेव्हा अंगावर कोणीतरी गोधडी घातली होती.

वाडीवर मी आधीही गेले होते. पण त्या पावसाळ्यानंतर वही न घेता जायला लागले. पहिल्या तीन वेळा ती दिसली नाही. घर आंब्याखाली होतं, दार उघडं, आत चूल धुमसत असायची आणि माणूस नाही. मी दारात बसून पाणी प्यायचं, पोरांचे कान-डोळे बघायचे आणि उतरायचं. चौथ्या वेळी ती समोर आली. तिचं अंग अजून फिकट होतं. मी गोळ्या दिल्या. तिनं घेतल्या. खाल्ल्या की फेकल्या, मी विचारलं नाही. मागाहून कळलं, खाल्ल्या होत्या, कारण तिनं आणखी मागितल्या.

पुढच्या वैशाखात तिला परत तिसरा महिना लागला होता. हे तिनं मला स्वतः सांगितलं, तीन बोटं दाखवून. मी बाजारातून एक शाळकरी वही आणली. वाडीवरच्या पोटुशी बायकांसाठी ती वेगळी ठेवली. त्यात नाव नाही, नवऱ्याचं नाव नाही, मुलं किती तेही नाही. हिच्या पानावर मी नुसतं लिहिलं, 'आंब्याखालचं घर, तिसरा'. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं ते शेजारच्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेतलं आणि मग मान हलवली.

त्या वर्षी बुधवारच्या बैठकीत मी एकच मुद्दा धरला. आपल्या सुनेला घरी बसवून जिला तिच्या जागी बोलावता, तिला आधी विचारा. मजुरीला येणारी बाई पोटुशी असेल तर तिला वाकायचं काम देऊ नका, आवण बांधायला बसवा, भाकऱ्यांना बसवा, पण दिवस तिचा भरा. सासवांमध्ये कुजबुज झाली. एकजण म्हणाली, "आमी काय परक्या बाईचं पोट तपासत बसू?" दुसरी म्हणाली, "आशानं कोन मजुरीला बोलावनार त्यास्नी? मंग उपाशी मरतील ती." ती दुसरी खोटं बोलत नव्हती. 

तेव्हा ती सासू नातीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मी इचारनार. ज्याला नाय इचारायचं त्यानं नको इचारू." एवढंच. भाषण नाही. पण ती लावणीत पहिली असायची, म्हणून तिच्या रांगेतल्या घरांनी तरी ऐकलं. बाकीच्यांनी ऐकलं नाही. त्या पावसाळ्यातही दोन बाळंतपणं अपुऱ्या दिवसांची झाली. एक मूल जगलं.

आंब्याखालच्या घराचा आठवा आणि नववा कापणीत आला. तिला कापणीला वाकायला नको म्हणून सासूनं खळ्यावर राखणीला बसवली. मी अधूनमधून जाऊन बघत होते. ती आता माझ्यापासून पळत नव्हती, पण बोलायचीही नाही. कार्तिकात एका सकाळी मी वाडीवर गेले तर बाळ झालेलं होतं. सुपात फडक्यावर निजवलेला मुलगा. मी काटा पुढं केला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग स्वतः उठून त्याला झोळीत ठेवलं. दोन किलोच्या थोडा वर. बारीक, पण पुऱ्या दिवसांचा. नखं बोटांच्या टोकापर्यंत आलेली. मी ती नखं बघत बसले. मला आनंद झाला असं मी सांगितलं असतं, पण खरं तर मला तेव्हा फक्त बसून राहावंसं वाटत होतं. तिनं पितळीत कोरा चहा दिला.

त्या दोन वर्षांत ऑपरेशनच्या केसेस माझ्या हातून फारशा झाल्या नाहीत. बुधवारी मी तो विषयच काढत नव्हते. काढला असता तर पुढच्या बुधवारी पडवी परत रिकामी दिसली असती. साहेबांनी मला दोनदा लेखी विचारलं आणि मग माझी बदली झाली, नेरळच्या बाजूला. घर जवळ आलं म्हणून नवऱ्याला बरं वाटलं. मलाही वाटलं. धाकटी आता शाळेत जात होती आणि संध्याकाळी मी घरी असायची याची तिला सवय व्हायला बरेच दिवस लागले. जेवताना ती मला विचारायची, "तू आज पण इथंच झोपणार?"

नव्या गावांतही बैठक घ्यायची होती. घेतली. पण पहिल्यासारखी उमेद राहिली नव्हती. तिथल्या सासवा वेगळ्या, शेतं वेगळी, आणि पुरुष नोकरीला मुंबईला जाणारे, त्यामुळं शेतातलं सगळंच बायकांच्या अंगावर. मी सांगायचं ते सांगत राहिले. कोणी ऐकलं, कोणी नाही. एखादीची सातव्यात पाठ दुखायला लागली की मी तिच्या जागी कोण जाणार आहे हे पहिलं विचारायची. बायकांना ते विचित्र वाटायचं.

काही वर्षांनी कर्जतच्या बाजारात ती सासू भेटली. एस.टी. स्टँडच्या बाजूला करवंदं घेऊन बसली होती. शेजारी आठ-नऊ वर्षांची नात, केसांना लाल रिबीन. मला बघून ती उठली.

"आता आमच्यात सातव्यानंतर कोन बायला लावनीत उतरू देत नाय," ती म्हणाली. "सुनेचं दुसरं बी नीट झालं. मुलगा. बैठक मात्र नाय व्हत. तुमच्या मागून आलेल्या बायनं चार बुधवार घेतली, मंग बंद."

मी वाडीचं विचारलं. आंब्याखालच्या घराचं.

"ती मानसं भट्टीवर गेली, इटा पाडायला. पनवेलीकडं का कुठं. दोन वर्सं पावसाळ्याला परत यायची, मंग नाय आली. घर पडलं त्यांचं."

"मुलगा होता ना तिचा?"

"व्हता. चालायला लागलावता. आता काय म्हाईत नाय बाय."

भट्टीवर बायका डोक्यावरून विटा वाहतात. पोटुशी असल्या तरी वाहतात. हे दोघींनाही ठाऊक होतं. तिनं पानाच्या द्रोणात करवंदं भरून माझ्या पिशवीत ठेवली. मग नातीला पुढं ओढून म्हणाली, "हिला जरा बगा, रातचं खोकते. काय द्यावं?"

मी तिथंच उकिडवी बसले आणि त्या पोरीच्या पाठीला कान लावला.